रुळणे

मराठीतील 'रुळणे' हे क्रियापद फार सोशिक आहे. पाठीवर केस रुळतात, परका शब्द भाषेत रुळतो, नवा कारकून कचेरीत रुळतो आणि नवी सून सासरी रुळते. या चारही वाक्यांतला कर्ता स्वतः फारसे काही करीत नाही. काळ जातो आणि जे उपरे होते ते हळूहळू आपल्या जागी पडून राहते, एवढाच त्याचा आशय. 'जुळवून घेणे' म्हटले की प्रयत्न आला, 'सवय होणे' म्हटले की शरीर आले, 'रमणे' म्हटले की मन आले. रुळण्यात यांपैकी एकही पुरतेपणी नाही आणि थोडेथोडे सगळेच आहे. ज्या समाजाने आपल्या मुली कोवळ्या वयात परक्या घरी पाठवल्या, त्या समाजाला असा शब्द लागणारच. मराठी माणूस बोटीत बसून परदेशी जाऊ लागला त्याच्या कितीतरी आधी या भाषेने परदेशवासाची सारी शब्दसंपदा माहेर आणि सासर या दोन घरांमधल्या अंतरावर घडवून ठेवली होती. सणाला न्यायला येणारा मुराळी, त्याच्या वाटेकडे लागलेले डोळे, निरोप, उमाळा, परतपाठवणी हे सगळे जात्यावरच्या ओव्यांत केव्हाच येऊन गेले आहे. त्या प्रवासाला परतीची तारीख मात्र नव्हती.

एका वर्षाच्या परदेशवासाला ती असते. शिक्षणाचा एक टप्पा संपल्यावर आणि दुसरा सुरू होण्यापूर्वी तरुणांनी वर्षभर घराबाहेर, शक्य तर देशाबाहेर राहून काही काम करावे, ही कल्पना युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. ब्रिटनमध्ये ॲलेक डिक्सन यांनी १९५८ साली 'व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज' ही संस्था सुरू केली, तेव्हा तिचे पहिले स्वयंसेवक शाळा संपवून विद्यापीठाच्या वाटेवर असलेले तरुणच होते. 'गॅप इयर' हे नाव पुढे रूढ झाले. जर्मनीत या कल्पनेला शुश्रूषेचे वळण मिळाले. बव्हेरियातील नॉयनडेटेल्साउ येथील प्रॉटेस्टंट सेवासंस्थेचे प्रमुख हेर्मान डीट्सफेल्बिंगर यांनी १९५४ साली तरुणांना आयुष्यातले एक वर्ष आजाऱ्यांच्या व वृद्धांच्या सेवेला देण्याचे आवाहन केले. दहा वर्षांनी, १९६४ साली, 'ऐच्छिक सामाजिक वर्षा'चा कायदा झाला. २०११ साली सक्तीची लष्करसेवा स्थगित झाली. तिच्याऐवजी रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत नागरी सेवा करणाऱ्या तरुणांचा ओघही तेव्हाच आटला, आणि त्यांच्या रिकाम्या जागा स्वेच्छेने येणाऱ्यांनी भराव्यात म्हणून सरकारने दुसरी एक योजना काढली. परदेशांतील तरुणही या कामासाठी येतात. राहण्याजेवण्याची सोय, हातखर्चाला थोडे पैसे आणि वर्षाकाठी पंचवीस दिवसांची शिबिरे असा एकंदर व्यवहार असतो.

पुण्याला जर्मन भाषेचे वेड जुने आहे. रानडे इन्स्टिट्यूटच्या किंवा मॅक्सम्युलर भवनाच्या वर्गांतून बाहेर पडलेली मुले-मुली शहरात घरोघर सापडतील. त्यांच्यातलीच एक, नुकतीच पदवीधर झालेली एकवीस वर्षांची मुलगी, २०१८ सालच्या सप्टेंबरात फ्रायबुर्ग शहरातल्या एका वृद्धाश्रमात वर्षभराच्या कामासाठी दाखल झाली. घरात आधी वाद झाला होता. आपल्याकडे विद्यार्थ्याचे वर्ष एक तर वाया जाते किंवा वाचते. ते स्वतःहून कुणी बाजूला काढून ठेवीत नाही. वडिलांनी नोकरीचे, आईने थंडीचे आणि एकटेपणाचे प्रश्न काढले. आजीने एकच प्रश्न विचारला, "परत कधी येणार?" पुढच्या वर्षीच्या ऑगस्टची एकतीस तारीख, हे उत्तर मिळाल्यावर तिचे समाधान झाले. तारीख ठरलेले जाणे तिच्या लेखी फारसे जाणे नव्हतेच.

फ्रायबुर्ग हे ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याचे सव्वादोन लाख वस्तीचे शहर. जुन्या भागातल्या रस्त्यांच्या कडेने दगडी पन्हळींतून स्वच्छ पाणी वाहत असते. त्या ओहोळांना तिथे 'बेख्ले' म्हणतात आणि चुकून ज्याचा पाय त्यात पडेल त्याचे लग्न फ्रायबुर्गच्याच माणसाशी होते, असा समज आहे. पहिल्याच आठवड्यात तिचा पाय त्यात पडला. पहिले दोन महिने अशाच गोष्टींत गेले. नगर-कचेरीत जाऊन पत्ता नोंदवणे, कचऱ्याचे चार डबे ओळखणे, पाण्याची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकून पंचवीस सेंट परत घेणे, काचेच्या बाटल्या रविवारी टाकायच्या नाहीत कारण त्यांच्या आवाजाने शेजाऱ्यांची विश्रांती मोडते, हे सारे तिने उत्साहाने पाठ केले. नियमांना रुळणे सोपे असते. ते लिहिलेले असतात, आणि चुकले तर कोणीतरी सांगते.

अवघड होते ते न लिहिलेले. संध्याकाळचे जेवण हे त्यातले एक. आश्रमात साडेपाचला पाव, लोणी, चीज, काकडीचे काप आणि वृद्धांसाठी एखादा कप गरम चहा इतके मांडले की दिवसाचे जेवण संपले. ते पुरत नव्हते असे नाही. परंतु अन्न म्हणजे ऊन असलेले काहीतरी, ही समजूत शरीराने बुद्धीला न विचारता करून घेतलेली असते. सुटीच्या दिवशी ती खोलीवर मसुरीचे वरण आणि भात शिजवी. हिंगमोहरीच्या फोडणीचा वास जावा म्हणून हिवाळ्यातही खिडकी उघडी टाकी आणि स्वेटर घालून जेवी. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत. सोमवारी एकाचे घर, मंगळवारी दुसऱ्याचे. सात घरांची सात वळणे, कुठे आमटीत गूळ तर कुठे तिखटाचा मारा. त्यांतून शिकून मोठ्या झालेल्यांनी आपल्या आठवणींत विद्येविषयी लिहिले, तसे त्या सात घरांविषयीही लिहिले. दुसऱ्याच्या ताटातले आपले म्हणून जेवणे ही विद्या आहे, हे त्यांना कळले होते.

दुसरे न लिहिलेले म्हणजे भाषा. पुण्यात शिकलेली तिची जर्मन व्याकरणशुद्ध होती. आश्रमातले वृद्ध बोलत ती त्या प्रदेशातली आलेमानिश बोली. प्रमाण मराठी शिकलेल्या परक्याला एकदम मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांत नेऊन बसवावे, तसे झाले. शब्दांच्या शेवटी लागणारा 'ले' हा लघुत्ववाचक प्रत्यय तिला आधी कळला. घर लहान असो वा मोठे, प्रेमाने बोलायचे झाले की त्याला 'ले' लागे. आपल्या 'घरकुल'मधला 'कुल' हेच काम करतो, हे लक्षात आले त्या दिवशी तिला फार बरे वाटले.

संबोधनाचा पेच मात्र व्याकरणाने सुटण्याजोगा नव्हता. जर्मनमध्ये आदराला 'झी' आणि जवळिकीला 'डू'. पुस्तकात हे 'तुम्ही' आणि 'तू' असे सोडवून दिलेले असते. पण तिच्या घरी, पुष्कळशा मराठी घरांत असते तसे, वडिलांना 'तुम्ही' होते आणि आजीला 'तू'. "आजी, तू जेवलीस का?" या वाक्यात अनादर आहे असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. इथे मात्र ऐंशी-नव्वद वर्षांच्या बायकांचे केस विंचरताना, त्यांच्या पायांत मोजे चढवताना, तोंडाशी चमचा नेताना त्यांना आडनावाने आणि 'झी'ने बोलवायचे, खोलीत शिरण्यापूर्वी दारावर टकटक करायची. शरीराने इतके जवळ आणि भाषेने इतके दूर असण्याचा तिला सराव नव्हता. हे अंतर शुश्रूषा करणाऱ्याच्या सोयीचे नसून जिची शुश्रूषा होते तिचे संरक्षण करणारे आहे, हे पुढे कळले. ज्या माणसाचा देह दुसऱ्याच्या हाती गेला, त्याच्यापाशी निदान आडनाव तरी अखंड राहावे, असा तो विचार होता.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे एक तास मागे जातात. भारताशी असलेले साडेतीन तासांचे अंतर त्या रात्री साडेचार तासांचे होते. दुपारपाळीच्या आठवड्यात तिला चार वाजता थोडी विश्रांती मिळे. तोवर त्या वेळी पुण्यात साडेसात वाजलेले असत आणि आजी फोनवर सापडे. आता साडेआठ वाजू लागले आणि आठला झोपणारी आजी त्या आठवड्यांपुरती हाताबाहेर गेली. नोव्हेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळू लागला. थंडीची तिला भीती वाटत होती, पण थंडीला कपडे असतात. दुपारी चहा वाटता वाटता खिडकीबाहेर रात्र उभी राहते, याला काही उपाय नव्हता. पहिल्या महिन्यांचा उत्साह कुठे गेला ते कळेना. काही दुखत नव्हते आणि उठवत नव्हते.

या दुखण्याला नाव मिळाले ते तिथून साठेक किलोमीटरांवरच्या बाझेल शहरात. १६८८ साली योहानेस होफर या तरुण वैद्यकाने तिथल्या विद्यापीठात एक प्रबंध सादर केला. परमुलखात राहणाऱ्या स्विस लोकांना, विशेषतः सैनिकांना, जडणारी ही व्याधी लोकभाषेत 'हाइमवे', म्हणजे घराची वेदना, म्हणून ठाऊक होती. होफरने परत येणे आणि दुखणे या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तिला 'नॉस्टाल्जिया' हे शास्त्रीय नाव दिले. त्याच्या नोंदींत बर्नहून बाझेलला शिकायला आलेला एक विद्यार्थी आहे. तो इतका खंगला की जगण्याची आशा राहिली नाही, आणि घरी न्यायला निघाल्यावर वाटेतच त्याला उतार पडू लागला. बर्न तिथून काही दिवसांच्या चालीवर. परदेश किती लांब असतो याचे माप मैलांत नसते, हे त्या जुन्या वैद्याने नोंदवून ठेवले आहे.

तिच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक बाई राहत. त्या जून महिन्यात आल्या होत्या, म्हणजे तिच्या आधी जेमतेम तीन महिने. त्यांचे सारे आयुष्य फ्रायबुर्गमध्येच गेले होते. पन्नास वर्षे ज्या घरात राहिल्या ते घर आश्रमापासून ट्रामने चार थांबे दूर होते. गुडघे गेले, जिना चढवेना, म्हणून त्या इथे आल्या. त्यांनाही साडेपाचचे जेवण लवकर वाटे. शेजारणीची खोकण्याची वेळ, लिफ्टचा आवाज, दुसऱ्याने घडी घातलेले आपले कपडे, यांना त्याही अजून सरावल्या नव्हत्या. जर्मन भाषेत वृद्धाश्रमालाही 'हाइम'च म्हणतात. घरासाठी जीव तुटणे हा 'हाइमवे', आणि घर सुटल्यावर जिथे जायचे तेही 'हाइम'. एकदा त्या कोरडेपणाने म्हणाल्या, हाइममध्ये बसून हाइमवे होतो, हे आमच्या भाषेलाच जमते. त्या वाक्यावर हसताना मुलीला प्रथमच जाणवले की या मजल्यावर परदेशात आलेली ती एकटी नाही. तिच्याजवळ एकतीस ऑगस्टचे तिकीट होते. बाईंच्या मुक्कामाला तारीख नव्हती.

२७ नोव्हेंबरच्या संध्याकाळी बाईंनी खिडकी उघडायला सांगितली. बाहेर कडाका होता. थोड्या वेळाने कॅथीड्रलची सर्वांत जुनी घंटा वाजू लागली. १२५८ साली ओतलेल्या या घंटेचे नाव 'होझाना'. १९४४ साली याच तारखेला रात्री आठच्या सुमारास ब्रिटिश विमानांनी शहरावर बाँब टाकले. सुमारे २,८०० माणसे मेली, जुने शहर भुईसपाट झाले आणि त्याच्या मधोमध कॅथीड्रलचा मनोरा उभा राहिला. त्या दिवसाची आठवण म्हणून दर वर्षी ती घंटा वाजवतात. बाई तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. तळघरातून बाहेर आल्या तेव्हा गल्ली नव्हती. आईने घाईत हाताला लागेल ते उचलले होते, आणि पहाटे उजेडात पाहिले तर तिच्या हातात कपड्यांची इस्त्री होती. पुढे कित्येक वर्षे घरात त्या इस्त्रीवरून हसू होत असे. नगर-उद्यानातल्या बदकाची गोष्टही त्यांनी सांगितली. हल्ल्यापूर्वी ते इतके ओरडले की ते ऐकून सावध झालेली माणसे वाचली, अशी आख्यायिका आहे. १९५३ साली त्याचे स्मारक उभारले गेले. घंटा थांबल्यावर बाईंनी खिडकी लावायला सांगितली आणि रोजच्यासारखा चहा मागितला.

पुढच्या सुटीच्या दिवशी फोनवर मुलीने आजीला ही इस्त्री सांगितली. आजी जराही थांबली नाही. "पानशेतच्या पुरात मी पोळपाट घेतला, लाटणं राहिलं," ती म्हणाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हे मुलीने शाळेत वाचले होते. आपली आजी त्या पाण्यातून पोळपाट घेऊन बाहेर पडली होती, हे तिला एकविसाव्या वर्षी, जर्मनीत कळले. आजी अठराव्या वर्षी रत्नागिरीकडच्या खेड्यातून लग्न होऊन पुण्यातल्या वाड्यात आली होती. तिथे कशी रुळलीस, असे मुलीने विचारले. हा प्रश्न त्या घरात आजवर कोणी विचारला नव्हता.

"रुळायचं कसलं?" आजी म्हणाली. "पहाटे चारला नळ यायचा, साडेपाचला जायचा. तेवढ्यात सगळं भरून घ्यायचं. आमच्याकडे विहीर होती, हवं तेव्हा पाणी. नळाचा मला इतका राग यायचा! मग महिन्याभरानं पावणेचारला आपोआप जाग यायला लागली. पुरानंतर नळच बंद पडले. लांबच्या विहिरीवरनं पाणी आणायचं. तेव्हा मात्र पहाटे जाग आली की चैन पडेना. म्हटलं, बाई, आपण इथल्या झालो."

रुळण्याविषयी याहून नेमके सांगणे कठीण आहे. ज्याचा राग येत होता त्याची वाट पाहिली जाऊ लागली, आणि ते थांबले तेव्हाच ही गोष्ट उमगली. मुलीला सकाळपाळीच्या दिवशी पाचला उठावे लागे. डिसेंबरात कधीतरी तिला गजराआधी जाग येऊ लागली होती. ते तिने मोजले नव्हते. आता मोजले.

हिवाळा सरता सरता कामाचे स्वरूपही तिला नीट दिसू लागले. स्वयंसेवकाने पगारी कर्मचाऱ्याची जागा घ्यायची नाही, असे कायद्याचे तत्त्व आहे. प्रत्यक्षात ही रेषा रोज पुसट होते, कारण माणसे कमी आणि कामे पुष्कळ. तरी त्या तत्त्वाने एक कोपरा राखून ठेवला आहे. परिचारिकेच्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब असतो. औषध, आंघोळ, नोंद यांत ती मिनिटे संपतात. जवळ बसणे, वर्तमानपत्र वाचून दाखवणे, चाकाच्या खुर्चीतून ओहोळापर्यंत नेऊन आणणे, तीच गोष्ट सहाव्यांदा ऐकणे, ही कामे कुठल्याच हिशेबात नसतात. ती स्वयंसेवकाच्या वाट्याला येतात. जिला व्यवसायाचे काहीच येत नव्हते, तिच्याकडे आश्रमातली सर्वांत दुर्मीळ वस्तू होती, आणि ती म्हणजे वेळ. ओहोळात पाय पडल्याचे तिने सांगितले त्या दिवशी बाई डोळ्यांत पाणी येईतो हसल्या आणि नंतर आठवडाभर दिसेल त्या तरुणाकडे बोट दाखवून तिला "हा कसा?" असे विचारीत राहिल्या.

एप्रिलमध्ये एका दुपारी कॉफी पिताना बाईंनी तिला 'डू' म्हणण्याची परवानगी दिली. ही परवानगी वयाने मोठ्या माणसानेच द्यायची असते, आणि 'डू'बरोबर पहिले नावही येते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारणे मराठी जिभेला अशक्य वाटले. मराठी माणूस अशा वेळी नाते जोडतो. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत उतरल्या, तेव्हा त्यांना घरात ठेवून घेणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांना त्यांनी मावशी मानले होते. परक्या देशात पाय टेकवायला पहिली जमीन त्यांनी नात्याच्या शब्दातून तयार केली. मुलीच्याही ओठांवर 'आजी' हाच शब्द आला. बाईंनी तो ऐकला, अर्थ विचारला, दोनदा उच्चारून पाहिला, त्यांच्या तोंडी त्याचा 'आची' झाला, आणि त्यांनी मान हलवली. नवरा गेला, बहीण गेली, शेवटची मैत्रीण दोन वर्षांपूर्वी गेली. माझे नाव घेऊन हाक मारील असे माणूस आता राहिलेले नाही, तेव्हा तू मला नावानेच हाक मार, असे त्या म्हणाल्या. मुलीने नाव उच्चारले. पुढच्याच वाक्यात सवयीने 'झी' आले, ते तिने दुरुस्त केले.

त्या रात्री तिच्या मनात आले की आपल्या आजीचे नाव तरी आजीचे कुठे आहे? लग्नात तांदळावर सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि जुने माहेरी राहिले. ते कोणते, हे नातीला ठाऊक नव्हते. विचारल्यावर आजीने सांगितले, पण आधी क्षणभर थांबली, जणू ते आठवावे लागले. त्या नावाने हाक मारणारा शेवटचा भाऊ वारून वर्षे झाली होती. सासरी रुळण्याची जी किंमत होती तिचा एक हिस्सा हा होता, आणि तो इतका रीतीचा होता की त्याला कोणी किंमत म्हटलेच नाही.

मे महिन्यात रेल्वेस्थानकावर तिला काळी जाड कॉर्डरॉयची विजार आणि रुंद काठांची टोपी घातलेले, हातात वेड्यावाकड्या काठ्या घेतलेले दोन तरुण दिसले. ते सुतारकाम शिकलेले कारागीर होते. मध्ययुगापासूनच्या प्रथेप्रमाणे उमेदवारी संपलेला कारागीर तीन वर्षे आणि एक दिवस भटकंतीला निघतो. त्या काळात आपल्या गावाच्या पन्नास किलोमीटरांच्या आत त्याने यायचे नसते. तो अविवाहित आणि ऋणमुक्त असावा लागतो. थोडे तरुण आजही ही प्रथा पाळतात. घर सोडून जाण्यालाही मोजमाप हवे, हे पुष्कळ समाजांना कळलेले दिसते. आपल्याकडे वारकऱ्याच्या पायांना आषाढीची तिथी असते, आणि परिव्राजक संन्याशालाही चातुर्मासात एका जागी थांबण्याचा नियम असतो. मोजलेल्या विरहात एक मोकळेपणा असतो. परत जायचे आहे, हे ठाऊक असल्यामुळेच माणूस परक्या गोष्टींपुढे मन उघडे ठेवू शकतो. न आवडलेले सोसतो, आवडलेले हावरेपणाने घेतो. पण ज्यांच्या घरी तो हे वर्ष घालवतो त्यांच्या बाजूने हा हिशेब कोणी मांडीत नाही.

तो ऑगस्टमध्ये मांडला गेला. एक सप्टेंबरला नवा स्वयंसेवक येणार होता. दर वर्षी येतो. तिच्या आधी एक मुलगा होता, त्याची आठवण काही वृद्ध अजून काढीत. तरुणांच्या आयुष्यातले हे मधले वर्ष आश्रमातल्या माणसांच्या आयुष्यात मधले नसते. त्यांच्यासाठी ते उरलेल्यांपैकी एक असते, आणि त्याच्या शेवटी त्यांना पुन्हा एका नव्या हाताला, नव्या उच्चारांना रुळावे लागते. शेवटच्या आठवड्यात बाईंनी तक्रार केली नाही. माझा निळा कप कोणता आणि चहात दूध आधी की नंतर, हे मला पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागणार, एवढेच त्या म्हणाल्या. मुलीने नव्या स्वयंसेवकासाठी एक कागद लिहून ठेवला. त्यात कप, दूध, २७ नोव्हेंबरची खिडकी, इतके लिहिले. नाव लिहिले नाही. ती परवानगी द्यायची की नाही, हे बाईंचे बाई ठरवतील.

पुण्याला परतल्यावर तिला रस्त्यावरचे हॉर्न असह्य झाले, संध्याकाळी साडेपाचला भूक लागू लागली आणि आईने खोलीत न विचारता येणे खटकले. या तक्रारी महिनाभरात मावळल्या. आजी वर्षभरात बरीच थकली होती. नातीला ती अधूनमधून आत्याच्या नावाने हाक मारी. नातीने ते दुरुस्त केले नाही. ती आजीला आंघोळ घालू लागली, आणि न्हाणीघरात शिरण्यापूर्वी दारावर टकटक करू लागली. आजीला ते आधी विचित्र वाटले. पुढे टकटक झाल्यावर ती आतून "ये" म्हणू लागली.

एम.ए.च्या प्रवेशाला मधल्या वर्षाचा खुलासा मागितला गेला. पदवी आणि पुढचा प्रवेश यांत खंड पडला असेल तर विद्यार्थ्याने तसे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते. कचेरीबाहेर बसणाऱ्या टंकलेखकापाशी त्याचा ठरलेला मसुदा तयार होता. सदर वर्षात आपण कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतलेला नाही आणि कोणताही अभ्यासक्रम पूर्ण केलेला नाही, असे तिने सत्यप्रतिज्ञेवर लिहून दिले. मसुद्यातला प्रत्येक शब्द कायद्याच्या दृष्टीने खरा होता. तिने खाली सही केली आणि टंकलेखकाने पुढच्या विद्यार्थ्याला हाक मारली.